चाळीस पुंगळ्या आणि पावशेर चिंच

चंद्रशेखर: ते राहू दे. मला आधी एवढंच सांग अक्का, डबे किती होते?

अरुणा: सात. आइस्क्रीमचे. दोन चिरलेले होते, ते कौन्सिलच्या कचऱ्याच्या पेटीत टाकले.

चंद्रशेखर: आणि सातही डबे ह्या एका परातीत ओतलेस.

अरुणा: मग काय सात परातींत घासू? तुझ्या घरात परात एक. तीही मी मागच्या खेपेला सांगलीहून आणलेली. दोघं डॉक्टर, आणि कणीक मळता पातेल्यात.

चंद्रशेखर: चारशे बारा पुंगळ्या होत्या.

अरुणा: आहेत. मोजून घेतल्या, मोजून ठेवल्या. एक सिंकच्या भोकात गेली होती, ती चिमट्यानं काढली. बघ तरी कशा दिसतात. आतून काजळी, बाहेरून काजळी. पितळ आहे रे ते चंदू, पितळेला असं ठेवतात? आईनं बघितलं असतं तर आधी तुला घासला असता.

चंद्रशेखर: कशानं घासल्यास?

अरुणा: चिंचेनं. पावशेर लागली. मीठ टाकून रात्रभर भिजवली, सकाळी तू हॉस्पिटलात गेलास की बसले. मग गरम पाण्यातून काढल्या आणि त्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलवर वाळवल्या, तुमचे कपडे सुकतात तिथे. नुसत्या बुडावर तांबडे-निळे ठिपके होते, ते काही केल्या निघेनात.

चंद्रशेखर: निघत नाहीत ते. परमनंट मार्कर आहे.

अरुणा: निघाले. वरदाची नखांचा रंग काढायची बाटली होती.

चंद्रशेखर: अक्का, ते ठिपके मी लावले होते.

अरुणा: कशाला?

चंद्रशेखर: एक ठिपका म्हणजे पुंगळी एकदा वापरलेली. दोन म्हणजे दोनदा. निळा म्हणजे... जाऊ दे.

वरदा: बाबा, तू लवकर आलास? मी ऐकली की कुणीतरी... ओह. ओह नो. आत्या, हे तू काय केली?

अरुणा: तूही सुरू कर. मी ह्या घरी भांडी घासली, दरोडा नाही घातला.

वरदा: नाही गं, तुला माहीत नाही. दॅट्स लाइक, त्याचा पूर्ण लाइफ आहे. तीन वर्षं तो रोज डिनरनंतर गॅराजमध्ये जातो आणि ते एक-एक वेइंग करतो. आई म्हणते दुसरी बाई असती तर बरी, ती निदान स्वयंपाक करते.

चंद्रशेखर: वरदा, तू गप्प बस.

अरुणा: एक-एक वजन करतो? रिकाम्या नळकांड्यांचं? हे म्हणजे दिवाळी झाल्यावर फटाक्यांची टरफलं गोळा करून त्यांची पत्रिका मांडण्यातला प्रकार झाला.

चंद्रशेखर: टरफलं नाहीत ती. गोळी सुटून जाते, पुंगळी मागे राहते. ती पुन्हा भरायची. बाजारातलं तयार काडतूस आणि आपल्या हातानं भरलेलं काडतूस ह्यांत फरक असतो, खानावळीचं आणि घरचं ह्यांत असतो तसा.

अरुणा: बरं.

चंद्रशेखर: पण पुंगळ्या सगळ्या सारख्या नसतात. बाहेरून माप तेच. पितळ कुठे जाड, कुठे पातळ. जाड असली की आतली जागा कमी. जागा कमी-जास्त झाली की आतला दाब बदलतो, गोळीचा वेग बदलतो, आणि सहाशे यार्डांवर गोळी वर लागते नाहीतर खाली. म्हणून आधी कंपनीप्रमाणे वेगळ्या करायच्या. मग किती वेळा वापरल्या त्याप्रमाणे. मग वजनाप्रमाणे. ‘ए’ डब्यात ज्या होत्या त्या अर्ध्या ग्रेनच्या आत एकसारख्या होत्या. एका ग्रॅमचे पंधरा ग्रेन होतात.

अरुणा: म्हणजे ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. आणि तू त्याच्याही निम्मं बघतोस.

चंद्रशेखर: हो.

अरुणा: सोनार बघत नाहीत एवढं. सुलक्षणाला बघायला आलास तेव्हा पंधरा मिनिटांत ‘पसंत’ म्हणून मोकळा झाला होतास.

वरदा: आत्या, नॉट हेल्पिंग.

चंद्रशेखर: रविवारी निवड आहे, अक्का. परवा. काउंटी लीगसाठी आमच्या नेमबाजी क्लबची सहा जणांची टीम. तीन वर्षं मी राखीव आहे. सातवा. राखीव माणूस काय करतो माहीत आहे? बाकीच्यांच्या थर्मासकडे लक्ष ठेवतो. ह्या वर्षी जेफ्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सहावी जागा रिकामी आहे. ती मला मिळेल, नाहीतर गॅरेथला.

अरुणा: गॅरेथ कोण?

वरदा: तो वेल्शमन. बस चालवायचा, आता रिटायर्ड आहे. खूप गोड आहे. पुंगळ्या मोज्यात ठेवतो.

अरुणा: मोज्यात?

चंद्रशेखर: रग्बीच्या लाल मोज्यात. कुठल्या कंपनीची कुठली, कधीची, काही पत्ता नाही. जमिनीवरून उचलतो, पँटला पुसतो, मोज्यात टाकतो. आणि त्या माणसाशी माझी बरोबरी लागली आहे.

अरुणा: गेल्या वर्षी जागा का नाही मिळाली?

चंद्रशेखर: गेल्या वर्षी पुंगळ्यांची वर्गवारी पूर्ण झाली नव्हती.

वरदा: त्याच्या आधीच्या वर्षी वारा होती. त्याच्या आधी नवीन चष्मा.

चंद्रशेखर: वारा होता.

वरदा: तेच. होता.

अरुणा: आणि ह्या वर्षी मी.

चंद्रशेखर: मी तसं म्हणालो का?

अरुणा: अजून नाही म्हणालास. सोमवारी म्हणशील.

* * *

अरुणा: सरक जरा. मलाही स्टूल दे. तुझ्या गॅरेजमध्ये मोटार सोडून सगळं आहे.

चंद्रशेखर: तू कशाला आलीस थंडीत? मी करतो. चारशे बारा होणार नाहीत आज, पण चाळीस सापडल्या तरी पुरे. चाळीसच गोळ्या मारायच्या असतात. प्रत्येकीला पाच मार्क, दोनशेपैकी.

अरुणा: पसारा मी घातला, तो मी आवरणार. ह्या लोखंडी कपाटात काय आहे?

चंद्रशेखर: रायफल. भरलेली काडतुसं वेगळ्या पेटीत. त्याला हात लागणारही नाही तुझा. किल्ली कुठे आहे ते माझ्याशिवाय कुणालाही माहीत नसतं, इथे कायदाच आहे तसा. पोलीस येऊन विचारून जातो.

अरुणा: सुलक्षणालाही नाही?

चंद्रशेखर: तिलाही नाही.

अरुणा: एकतीस वर्षांच्या संसारात तुझं म्हणून एक गुपित झालं, तेही राणीच्या हुकमानं. बरं, काम कसं वाटायचं?

चंद्रशेखर: तू एक-एक पुंगळी काट्यावर ठेव. मी आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि अक्षर सांगतो. एकशे बहात्तर ते साडेबहात्तर ‘ए’. त्याच्या वर त्र्याहत्तरपर्यंत ‘बी’. बाकी ‘सी’. तू उचलून त्या-त्या डब्यात टाक.

अरुणा: म्हणजे तू साहेब, मी हमाल. ठेवली.

चंद्रशेखर: एकशे बहात्तर पॉइंट तीन. ए.

अरुणा: ठेवली.

चंद्रशेखर: बहात्तर पॉइंट आठ. बी.

अरुणा: ऑपरेशनच्या आधी पेशंटचं वजन असंच करतोस का रे?

चंद्रशेखर: पेशंटचं वजन नर्स करते. तिथले काटे दरवर्षी माणूस येऊन तपासतो, वर स्टिकर लावून जातो. पुढची.

अरुणा: ठेवली. मीही स्टिकर लावायची. आमच्या वेळी स्टिकर नव्हता, शिक्का होता. हळदीच्या अडतीत मी पायरीवर दिसले की आत सतरा हात हलायचे. वजनमापे खात्यातली बाई आली म्हटल्यावर मालकाला पहिलं आठवायचं ते म्हणजे मला चहा.

चंद्रशेखर: बहात्तर पॉइंट चार. ए. ही चांगली आहे बघ. हिचा आवाजही वेगळा येतो.

अरुणा: येतो का? मला नाही कळला. ठेवली.

चंद्रशेखर: बहात्तर पॉइंट नऊ. बी.

अरुणा: हे भिंतीवरचं धूड किती वाजता पेटतं?

चंद्रशेखर: बॉयलर? टायमरवर आहे. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी सहापासून. आज फार थंडी म्हणून आत्ता हातानं चालू केलाय. का, गरम होतंय?

अरुणा: नाही, बरं वाटतंय. ठेवली.

चंद्रशेखर: त्र्याहत्तर पॉइंट एक. सी. ही सी मध्ये. बघ, अशा असतात. बाहेरून बघून कुणी सांगू शकेल?

अरुणा: अजिबात नाही. ठेवली.

चंद्रशेखर: त्र्याहत्तर पॉइंट दोन. सी. ह्यातच गंमत आहे अक्का. लोकांना दिसत नाही तो फरक आपल्याला दिसतो. मी क्लबच्या पत्रिकेत चार पानं लिहिली होती ह्यावर. मॅल्कमनं, आमच्या कॅप्टननं, ती सगळ्यांना वाचायला लावली.

अरुणा: वाचली कुणी?

चंद्रशेखर: गॅरेथ म्हणाला, फार छान, पण तुझ्यासारखी बुद्धी नाही बाबा मला. पुढची.

अरुणा: पुढची नाही.

चंद्रशेखर: म्हणजे?

अरुणा: पहिली एक सोडून दे. तिच्यानंतर आत्तापर्यंत किती झाल्या?

चंद्रशेखर: पाच. बहात्तर आठ, बहात्तर चार, बहात्तर नऊ, त्र्याहत्तर एक, त्र्याहत्तर दोन. एक ए, दोन बी, दोन सी.

अरुणा: डब्यांत बघ.

चंद्रशेखर: ए मध्ये एकच आहे. बी रिकामा. सी... अक्का, तू टाकल्याच नाहीस.

अरुणा: कशी टाकणार? एकच होती. ही बघ, माझ्या हातात आहे. तोंडाशी जरा चेपली आहे ती. हीच पाच वेळा ठेवली.

चंद्रशेखर: शक्य नाही.

अरुणा: हिचाच आवाज वेगळा येत होता तुला.

चंद्रशेखर: पुन्हा ठेव. मी ठेवतो. बहात्तर... बहात्तर पॉइंट सात. थांब. त्र्याहत्तर.

अरुणा: नवख्या गिऱ्हाईकासमोर शिक्का नसलेला काटा असाच बोलतो. वारा लागला एक, भट्टी पेटली दुसरं, टेबल हललं तिसरं. आम्ही मालकाला कळू न देता तेच वजन फिरवून-फिरवून द्यायचो. दुसऱ्या फेरीतच त्याचा चेहरा सांगायचा. तुझा पाचव्यापर्यंत नाही सांगितला, म्हणून म्हणते, लबाड नाहीस. नुसता भाविक आहेस.

चंद्रशेखर: डिजिटल आहे गं हा.

अरुणा: ह्याच्याबरोबर तपासायचं वजन आलं असेल. एक छोटा ठोकळा.

चंद्रशेखर: आलंय. वरच्या फळीवर आहे. बॉक्समध्ये.

अरुणा: उघडलं होतंस?

चंद्रशेखर: ते हाताळलं की घामानं वजन वाढतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

अरुणा: म्हणून तीन वर्षं पॅकिंगमध्येच ठेवलंस. देवाला पाय दुखतील म्हणून उठवायचंच नाही. तू रोज किती वाजता बसायचास वजनाला?

चंद्रशेखर: जेवण झाल्यावर. साडेसात. कधीकधी सुट्टीच्या दिवशी दुपारी.

अरुणा: आणि वहीत तारखा असतील. दुपारच्या दिवसांत ए किती निघाल्या आणि रात्रीच्या दिवसांत किती, काढ बरं.

चंद्रशेखर: नाही काढत.

अरुणा: का?

चंद्रशेखर: मला दिसतंय. मे ते ऑगस्ट सगळ्या ए आहेत. मला वाटलं होतं, त्या वर्षीचा माल चांगला होता.

वरदा: चहा आणली. बाबा? व्हॉट हॅपन्ड? कुणी मेला का?

अरुणा: वर्गवारी गेली. चहा ठेव.

वरदा: ती तर काल गेली.

अरुणा: काल चिंचेनं गेली असं वाटत होतं. आज कळलं की ती नव्हतीच. ए म्हणजे हीटिंग बंद असताना, बी म्हणजे चालू असताना.

वरदा: ओह बाबा. पण चार पानं लिहिली तू.

चंद्रशेखर: वरदा, बाहेर काही बोलायचं नाही. अक्का, तूही.

अरुणा: मी कुणाला बोलणार? मला ह्या ब्रिस्टलात फक्त लायब्ररीतली बाई ओळखते. आता उद्याचं काय ते बघ. तडा गेलेल्या, तोंड चिरलेल्या तेवढ्या वेगळ्या काढू आणि उरलेल्यांतल्या हाताला येतील त्या चाळीस घे.

चंद्रशेखर: हाताला येतील त्या. म्हणजे मोज्यातूनच काढल्यासारख्या.

अरुणा: निदान ह्या धुतलेल्या आहेत.

* * *

वरदा: बाबा, तू हसतो आहेस. व्हाय आर यू स्मायलिंग?

चंद्रशेखर: आधी बूट काढू दे. आईचा फोन आला होता का बर्मिंगहॅमहून?

वरदा: पाचला निघते म्हणाली. बाबा, सांग ना.

चंद्रशेखर: मिळाली.

वरदा: जागा? शट अप. खरंच? आत्या, बाबाला जागा मिळाला.

अरुणा: ऐकलं. पेढे नाहीत, साखर ठेव हातावर. किती पडले?

चंद्रशेखर: एकशे सत्त्याऐंशी.

अरुणा: गेल्या वर्षी?

चंद्रशेखर: एकशे सत्त्याऐंशी.

अरुणा: त्याच्या आधी? वाऱ्याच्या वर्षी?

चंद्रशेखर: साधारण तेवढेच.

वरदा: एक्झॅक्टली तेवढेच. माझ्या लक्षात आहे, कारण आई म्हणाली होती की हे तुझं ब्लड प्रेशर आहे.

अरुणा: एकसारखेपणा हवा होता ना तुला. घरात सगळ्यांत एकसारखी वस्तू तूच निघालास. बरं, मग सातवा होतास त्याच मार्कांत सहावा कसा झालास? गॅरेथचे कमी पडले?

चंद्रशेखर: नाही. त्याचेही एकशे सत्त्याऐंशी. टाय झाला. आमच्याकडे टाय झाला की कॅप्टन ठरवतो. मॅल्कमनं मला घेतलं.

अरुणा: का?

चंद्रशेखर: का म्हणजे? त्याला योग्य वाटलं.

अरुणा: सारखं वजन, सारखा भाव, आणि गिऱ्हाईक एकाच दुकानात गेलं. काहीतरी कारण असेल.

चंद्रशेखर: तुझ्यावरून एक गंमत झाली, एवढंच. सकाळी चहाच्या वेळी मी सहज सांगितलं की बहिणीनं सगळ्या पुंगळ्या चिंचेत घासून एकत्र केल्या. हसले लोक. मग हळहळले. मॅल्कमची बायको म्हणाली, तरीच पुअर चंद्राचा चेहरा उतरलाय. आणि टाय झाल्यावर मॅल्कम म्हणाला, ज्या माणसाची तीन वर्षांची वर्गवारी दोन दिवस आधी धुतली गेली, तो तरीही एकशे सत्त्याऐंशी मारतो. वर्गवारीच्या पुंगळ्या असत्या तर एकशे नव्वदच्या वर गेला असता. लीगपर्यंत तो पुन्हा लावून घेईल.

अरुणा: आणि काट्याचं सांगितलंस?

चंद्रशेखर: तो विषय निघाला नाही.

अरुणा: कोण काढणार होतं? मॅल्कमला स्वप्न पडणार होतं?

चंद्रशेखर: मी एक अक्षर खोटं बोललो नाही, अक्का. तू घासल्यास हे खरं आहे. मिसळल्यास हे खरं आहे.

अरुणा: खरं आहे. अडत्याही खोटं बोलत नाही. पोतं खरं, हळद खरी, नुसतं काट्यावर बोट. काटा मारलास चंदू, आणि तोही माझं नाव वजनाच्या पारड्यात टाकून.

वरदा: वेट. म्हणजे त्यांना वाटतं की सॉर्टेड पुंगळ्या असत्या तर बाबाला जास्त पडले असते. पण बाबाच्या पुंगळ्या कधीच सॉर्टेड नव्हत्या.

चंद्रशेखर: थँक यू वरदा.

वरदा: दॅट्स अ बिट चीटिंग, बाबा.

चंद्रशेखर: पुढच्या महिन्यात मी साठ वर्षांचा होईन. लीगला सहा जणांचा फोटो असतो, क्लबहाऊसच्या भिंतीवर लागतो. तीन वर्षं मी तो फोटो काढतो आहे. मीच काढतो, कारण राखीव माणूस फोटोत नसतो. एकदा त्यात उभं राहायचं आहे, एवढंच आहे माझं. त्यासाठी कुणाचं काय बिघडतंय?

अरुणा: गॅरेथ काय म्हणाला?

चंद्रशेखर: काही नाही. हात मिळवला.

अरुणा: आणि ह्या पिशवीत काय आहे?

चंद्रशेखर: कुठल्या?

अरुणा: तू बुटांच्या मागे ढकललीस ती. लाल काहीतरी दिसतंय.

वरदा: हा मोजा आहे. बाबा, हे गॅरेथचा मोजा आहे.

चंद्रशेखर: जाताना त्यानं गाडीच्या काचेतून आत दिला. म्हणाला, तुझ्या बहिणीला रागावू नकोस, माझी आईही असंच करायची. ह्यात शंभरेक आहेत, तुझ्याइतक्या चांगल्या नाहीत, पण तू निवडून घे, तुला डोळा आहे.

वरदा: ओह, दॅट्स ऑफुल.

अरुणा: आणि तू घेतलास.

चंद्रशेखर: काय म्हणणार होतो? मागे गाड्या उभ्या होत्या.

अरुणा: मी काही म्हणत नाही. माझं काम काटा तपासण्यापर्यंत होतं. शिक्का मारायचा की नाही एवढंच माझ्या हातात असायचं, दुकान उघडं ठेवायचं की बंद ते मालकानं ठरवायचं. मी पोळ्या लाटायला घेते.

वरदा: मॅल्कमचा नंबर फ्रिजवर आहे. मी फक्त सांगते आहे.

चंद्रशेखर: माहीत आहे मला. मीच लावलाय.

(फोनची बटणं दाबल्याचा आवाज, हॉलचं दार बंद होतं.)

अरुणा: कान लावू नकोस दाराला.

वरदा: तू पण लाटणं थांबवलंस.

अरुणा: पीठ संपलं. काय बोलतोय?

वरदा: सांगतो आहे. बॉयलर म्हणाला. आता म्हणाला, सेम केस फाइव्ह टाइम्स. आता म्हणतो, नो, माय सिस्टर फाउंड इट, शी वॉज अ गव्हर्नमेंट इन्स्पेक्टर.

अरुणा: ते कशाला सांगायला हवं होतं.

वरदा: तू खूश झालीस.

अरुणा: पोळी उलट. जळेल.

चंद्रशेखर: झालं.

अरुणा: रागावला?

चंद्रशेखर: हसला. आवाज न करता इतका वेळ हसला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, चार पानं पुन्हा लिहावी लागतील तुला. मी म्हणालो, दोन पुरतील.

वरदा: आणि जागा?

चंद्रशेखर: जागा कुणालाच नाही. पुढच्या रविवारी आम्हा दोघांत पुन्हा वीस-वीस गोळ्या. गॅरेथला त्यानं लगेच दुसऱ्या फोनवरून विचारलं. गॅरेथची एकच अट आहे. दोघांनी मोज्यातल्याच पुंगळ्या वापरायच्या. न बघता हात घालायचा, वीस त्याला, वीस मला. काडतुसं ज्यानं-त्यानं आपापली भरायची.

अरुणा: म्हणजे हरलास तर काय सांगशील?

चंद्रशेखर: तोच विचार करतोय. काहीच उरत नाही.

अरुणा: बैस, गरम आहे तोवर खा. वरदा, बाबाला लोणचं दे.

चंद्रशेखर: त्या मोज्यातल्या बघितल्यास का? काळ्या ठिक्कर आहेत. चिखल आहे काहींना. तशा भरता येणार नाहीत. अक्का, चिंच किती उरली आहे?

अरुणा: आमटीपुरती आहे, त्यात भागेल. पण आधी गॅरेथला विचार. मोजा त्याचा आहे.